टीटीच्या बेटावरचा मांगर

१५ मार्च २०२४, शुक्रवार. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. ब्लफ बंदर.

उजाडायला अवकाश होता. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला ब्लफ आहे. त्याच्यापुढे एक खवळलेली सामुद्रधुनी, मग स्ट्यूअर्ट बेट, त्याच्या अवतीभवती विखुरलेली लहान बेटे, आणि त्यानंतर ध्रुवाच्या बर्फापर्यंत जवळजवळ केवळ पाणी. त्या लहान बेटांपैकी एकावर आम्ही निघालो होतो. बेटाचे नाव मी लिहिणार नाही. मला तिथे नेण्याच्या दोन अटी होत्या. नाव न लिहिणे ही पहिली, आणि पक्ष्याला हात न लावणे ही दुसरी.

माझे वय चौऱ्याहत्तर. नोकरी भूमापन खात्यात झाली. निवृत्तीनंतर मी मालवण तालुक्यातल्या मांगरांची छायाचित्रे काढतो. मांगर म्हणजे बागेतले किंवा शेतातले साधे घर. हंगामापुरते माणूस तिथे राहते, एरवी त्याला कडी असते. देवळांची छायाचित्रे काढणारे पुष्कळ आहेत. मांगराची कोणी काढत नाही, म्हणून मी काढतो.

माझी मुलगी गौरी इन्व्हरकार्गिलच्या रुग्णालयात परिचारिका आहे. तिचा नवरा हेमी माओरी आहे, वायरमनचे काम करतो. त्याच्या आत्याने, हूइयाबाईंनी, माझी मांगरांची छायाचित्रे गौरीच्या घरी भिंतीवर पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाल्या की या माणसाला बोलावून घे, माझ्या घराचे चित्र यालाच काढू दे. सगळे त्यांना आंटी म्हणतात. मी हूइयाबाई म्हणतो. पहिल्या दिवशी त्या हसल्या. नंतर त्यांना ते आवडू लागले असावे.

त्यांचे ते घर म्हणजे त्यांचा मांगरच. टीटी हा कबुतराहून मोठा, काजळी रंगाचा समुद्रपक्षी. तो या बेटांवर जमिनीत बीळ करतो आणि त्यात एकच अंडे घालतो. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत त्याची लठ्ठ पिल्ले धरून, सोलून, खारवून वर्षाची बेगमी करायची, हा इथल्या काही माओरी घराण्यांचा पिढीजात हक्क आहे. तो विकत मिळत नाही. रक्ताने येतो, किंवा लग्नाने. मार्चच्या मध्यापासून घरे लावायला जाता येते. पिल्लाला मात्र एक एप्रिलच्या आधी कोणी हात लावत नाही.

यंदा हूइयाबाईंचे घर पाडायचे होते. दरड कोसळत कोसळत घरापर्यंत आली होती आणि समोरच्या खांबांखालची जमीन निघून गेली होती. मागे, आतल्या बाजूला, त्याच सामानातून आणि काही नव्या तयार भिंतींतून घर पुन्हा उभे राहणार होते. भिंती हेलिकॉप्टरने येणार होत्या, गुरुवारी, एकवीस तारखेला. त्या ठेवण्याजोगी सपाट जागा बेटावर एकच, जुन्या घराची मागची निम्मी. तोवर घर उतरले नाही तर हेलिकॉप्टर दुसऱ्या बेटांची कामे घेणार, महिनाभर परतणार नाही, आणि या कुटुंबाचा हंगाम गेला. हूइयाबाईंना एकोणऐंशी वर्षे झाली आहेत. पुढच्या हंगामाची भाषा त्या करत नाहीत. त्यांची अट एकच होती: हा मराठी म्हातारा ‘झाले’ म्हणेपर्यंत एकही खिळा उपटायचा नाही.

मला आनंद झाला होता, एवढे लिहिणे पुरेसे होणार नाही. त्या रात्री मी दोनलाच उठून बूट घालून बसलो होतो.

हूइयाबाई, त्यांचा भाऊ, हेमी, गौरी आणि मी, असे पाच जण होतो. निघण्यापूर्वी सामानाची झडती झाली. बेटावर उंदीर नाहीत. एक पोचला तरी पक्ष्यांचा निकाल लागेल. म्हणून एका बंद खोलीत प्रत्येक पिशवी टेबलावर उलटी केली जाते. माझी कॅमेऱ्याची पिशवी स्वतः हूइयाबाईंनी घेतली. पट्टीच्या चिकट भागात गौरीच्या अंगणातले गवताचे बी अडकले होते. भुवया कोरायच्या चिमट्याने त्यांनी ते एकेक वेचले आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहिले. शाळेत नखे तपासताना गुरुजी असेच पाहत. आमसुलांचे पाकीट त्यांनी उघडले, हुंगले, एक चोखून पाहिले आणि काही न बोलता परत पिशवीत टाकले.

सामुद्रधुनीबद्दल इतकेच लिहितो की मला उलटी झाली नाही. हेमीला झाली.

बेट

पूर्वी उतरायची जागा दक्षिणेला, घराच्या बरोबर खाली होती. ती दरडीबरोबर गेली. आता उत्तरेच्या कातळावर उतरतात. धक्का नाही, पायरी नाही. मासेमारीची होडी दूर थांबते, लहान डिंगी कातळापाशी जाते, लाट वर आली की उडी मारायची. उडीचा हुकूम देण्याचे काम हूइयाबाईंच्या धाकट्या भावाकडे, टामाकडे होते. टामा सत्तरीचा, रुंद, आणि अखंड बोलणारा. त्याने मला बजावले की तो ‘आता’ म्हणेल तेव्हाच उडी मारायची, त्यापूर्वी नाही आणि त्यानंतर तर मुळीच नाही. मी उडी मारली. कातळावर शेवाळ होते. मी बसलो. पँट फाटली, कॅमेरा वाचला.

“कीया ओरा, बाबा,” टामाने माओरीत नमस्कार केला. “बसून स्वागत घेणारा पाहुणा पहिल्यांदाच पाहिला.”

गौरीमुळे त्या दिवसापासून मी सगळ्यांचा बाबा झालो. तिथली बोलणी इंग्रजीत होत. मी ती मराठीत देत आहे.

वर चढल्यावर जे दिसले त्याला जंगल म्हणावे लागेल, परंतु ते डोक्याच्या फार वर जात नाही. वाऱ्याने वाकवलेली झाडे, चामड्यासारखी जाड पाने, मागून पांढुरकी. खाली काळी, भुसभुशीत, ओली माती, आणि तिच्यात बिळेच बिळे. पायवाट सोडून पाऊल टाकले की जमीन आत जाते. आमच्या खाचरातला चिखल पाय धरतो. इथली माती पाय गिळते. वास मात्र ओळखीचा होता. सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेल्या माणसाला तो त्रास देत नाही. गौरीने रुमाल काढला. ती पुण्यात वाढली.

संध्याकाळी मी दाराबाहेर उभा होतो. समुद्रावर आधी एक काळी रेघ दिसली. ती रुंद झाली. मग ती रेघ पक्ष्यांची आहे हे कळले. दिवसभर समुद्रात चरून टीटी पिल्लांकडे परतत होते, हजारोंनी. त्यांना उडता उत्तम येते. उतरता येत नाही. ते आकाशातून पडतात. फांद्या मोडत, पानांतून आदळत, धप्प, धप्प, सगळीकडे. नारळीच्या बागेत वादळात उभे राहिल्यासारखे. एक पक्षी माझ्या पाठीवर आदळला, जमिनीवर सावरला, मी वाटेत उभा राहिलो याबद्दल कुरकुर केल्यासारखा आवाज केला आणि माझ्या बुटावरून चालत आपल्या बिळात शिरला. मी हात लावला नाही. कॅमेरा गळ्यात होता, आणि तो उचलायचे मला सुचले नाही. असे माझ्या बाबतीत सहसा घडत नाही.

घर

शनिवारी सकाळी कामाला लागलो.

घर लाकडी. छप्पर पत्र्याचे. एक लांब खोली, तिच्यात दोन्ही बाजूंना फळ्यांचे बिछाने, मध्ये टेबल, टोकाला लोखंडी चूल आणि तिचे धुराडे. शेजारी पक्षी सोलायची पडवी. हूइयाबाईंच्या वडिलांनी ते बांधले, बरेचसे किनाऱ्याला लागलेल्या ओंडक्यांतून. म्हणून एकही फळी दुसरीएवढी रुंद नाही. समोरची बाजू हात-दीड हात हवेत होती. आत चालताना जमीन किंचित कण्हे. टामाने सगळ्यांना बजावून ठेवले होते की समोरच्या भिंतीपाशी एका वेळी एकानेच उभे राहायचे, आणि त्याने स्वतः तिथे जाऊ नये. त्याच्या आकाराविषयीचा हा विनोद त्याचा स्वतःचाच होता आणि तो रोज होई.

माझी पद्धत ठरलेली आहे. वास्तूची चारी अंगे सरळ उभे राहून घ्यायची. नंतर छप्पर, सांधे, दारे. नंतर आतून प्रत्येक भिंत. चित्रात माणूस नको, वाळत घातलेले कपडे नकोत, धूर नको. धुराने कडा पुसट होतात. मी सर्वांना बाहेर काढले, खुंट्यांवरची जाकिटे उतरवली, टेबल पुसले आणि चूल विझवायला लावली. थंडी बोचरी होती. चहा बंद झाला. टामा दाराबाहेर ब्लँकेट पांघरून उभा राहिला आणि दर थोड्या वेळाने आत डोकावून विचारू लागला की घर हललेले तर नाही ना, छायाचित्रात हललेले दिसेल.

त्या दिवशी एक चूक झाली. पश्चिमेची बाजू घेताना कॅमेऱ्याचे तिकाटणे मी पायवाटेपासून हातभर आत रोवले. एक पाय खाली गेला आणि जमिनीतून घोगरा, रागावलेला आवाज आला. तिकाटणे बिळाच्या छपरातून आत शिरले होते. मला हात घालता येत नव्हता, अट होती. मी हूइयाबाईंना हाक मारली. त्या ओल्या मातीत पालथ्या पडल्या, खांद्यापर्यंत हात आत घातला, चाचपून पाहिले, पिल्लू धड आहे म्हणाल्या. मग मला दगड, काटक्या आणि गवताची मुळे आणायला लावली आणि छप्पर पुन्हा बांधायला बसवले. त्यांनी सांगितले त्या क्रमाने. ते त्यांना पसंत पडेपर्यंत मी दोनदा मोडून बांधले.

“तुम्ही माझं घर पाडायला आलात,” त्या म्हणाल्या, “आधी याचं बांधून द्या.”

रात्रीच्या जेवणाला गेल्या वर्षीचा खारवलेला टीटी होता. मीठ उतरावे म्हणून तो पुन्हा पुन्हा पाणी बदलून उकडतात. सोबत बटाटे. चव खाऱ्या बांगड्याची, चरबी बदकाची. मी दोन वेळा घेतला. गौरीने आमसुलाचे सार केले होते. टामाने वाटी तोंडाला लावली, थांबला, वाटीत पाहिले आणि मग पातेलेच जवळ ओढले. इतकी वर्षे ही चरबी घशाखाली ढकलायला आपण चहा पीत आलो, हे आपल्याला कोणी का सांगितले नाही, असे तो गौरीला विचारू लागला. गौरी म्हणाली की तिने लग्नातच सांगितले होते, त्याने ऐकले नाही.

सोमवार, १८ मार्च

रविवार वाऱ्यात गेला. नैऋत्येचा वारा होता, बर्फावरून येणारा. दार उघडायला दोन माणसे लागत. मी आतल्या भिंती पूर्ण केल्या. सोमवारी आभाळ उघडले आणि दुपारपर्यंत माझे काम संपले, असे मला वाटले. समोरची बाजू सरळ घेता आली नव्हती, कारण समोर उभे राहायला जमीनच नव्हती. ती मी दोन्ही कोपऱ्यांतून तिरकी घेतली.

टेबलावर कॅमेरा ठेवून हूइयाबाईंना चित्रे दाखवली. त्यांनी एकेक पाहिले. घाई केली नाही. टामा त्यांच्या खांद्यावरून पाहत होता.

“पोलिसांनी काढल्यासारखी आहेत,” तो म्हणाला. “इथे कोणाचा खून झालाय?”

हूइयाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे माझे घर नव्हे. मग उठून बिळे पाहायला निघून गेल्या.

त्यानंतर जो वाद झाला तो दबक्या आवाजात झाला, कारण घराच्या भिंती पातळ होत्या. टामाचे म्हणणे, तिला घर पाडायचेच नाही. आधी म्हणाली पाऊस जाऊ दे, मग म्हणाली बाबाला येऊ दे, आता म्हणते चित्रे बरोबर नाहीत. गुरुवार येईल आणि हेलिकॉप्टर डोक्यावरून परत जाईल. हेमी चुलीत लाकडे सारत बसला. आत्याविरुद्ध बोलायची त्यांच्यात पद्धत नाही. आमच्याकडेही ती नव्हती. गौरी मला मराठीत म्हणाली, “बाबा, तुम्ही सरळ ‘झालं’ म्हणून टाका ना. त्या तुमचं ऐकतील. सगळे त्याचीच वाट बघतायत.”

मी म्हणालो की काम झाल्याशिवाय ते झाले असे मी म्हणत नाही.

“पण झालंय की! अजून काय राहिलंय?”

ते मला ठाऊक नव्हते. म्हणून विचारायला गेलो.

हूइयाबाई कड्याच्या वर एका खडकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसलो आणि विचारले की घर पाडायचे त्यांच्या मनात आहे की नाही. आडून विचारणे मला जमत नाही. त्यांनाही ते आवडत नसावे, कारण उत्तर लगेच मिळाले. घर जाणार, हे त्यांना दरड पाहिली त्या वर्षीच कळले होते. प्रश्न तो नव्हता.

त्यांचे वडील दर हंगामात सर्वांच्या आधी एकटे येत. उतरण्याची जागा वाईट होती. माणसे तिथे बुडून मेलेली होती. रेडिओ नव्हता. ते एकटे उतरत, दार उघडत, चूल पेटवत. दुसऱ्या दिवशी आई मुलांना घेऊन होडीतून येई, आणि बेट दिसू लागले की होडीतले सगळे बोलणे थांबे. सगळे धुराडे पाहत. धूर असला की वडील उतरले. नसला तर होडी पुढे न्यायची नाही, असे ठरलेले होते. एकदा धूर फार उशिरा दिसला. लाकडे ओली होती, एवढेच. तोवर आईने टामाचा हात इतका घट्ट धरला होता की तो रडू लागला.

“तुम्ही चारी बाजूंनी काढलंत,” त्या म्हणाल्या. “आम्ही घर त्या बाजूंनी कधी पाहिलंच नाही. आम्ही ते समुद्रावरून पाहिलं. आणि त्यात धूर असायचा. चूल विझवून कोणाचं घर काढलंत?”

मी खाली पाहिले. पाणी पांढरे होते. त्या बाजूला आता कोणी होडी नेत नाही. मी म्हणालो, उद्या समुद्र शांत बसला तर मी समुद्रावरून काढतो.

त्या माझ्या फाटक्या पँटकडे पाहून म्हणाल्या, “पोहता येतं का?”

मी म्हणालो, मालवणात जन्मलो. त्यांना मालवण माहीत नव्हते, पण त्यांनी मान हलवली.

समुद्रावरून

मंगळवारी समुद्र बसला नाही. टामा सकाळपासून संध्याकाळपर्यंत कड्यावर जाऊन येत राहिला आणि प्रत्येक वेळी तोच निकाल आणत राहिला. मी पिशवी दोनदा भरली, दोनदा उपसली. बुधवारी पहाटे वारा पडला. गुरुवार उद्यावर आला होता आणि घराचा एकही खिळा निघाला नव्हता.

टामाची डिंगी ॲल्युमिनियमची, लहान. त्यात टामा, हेमी आणि मी. गौरी बिछान्यावर उठून बसली आणि मला म्हणाली की तुमच्या वयाला हे शोभत नाही. मी म्हणालो, शोभेचा प्रश्न नाही. तिने माझ्या जीवरक्षक जाकिटाचे बंद स्वतः बांधले, सोडले आणि पुन्हा बांधले. हूइयाबाई घरातच राहिल्या, एकट्या. चूल पेटवणे त्यांचे काम होते.

बेटाला वळसा घालून आम्ही दक्षिणेला आलो आणि उघड्या समुद्राने आम्हाला उचलले. मी मोठ्या लाटा पाहिल्या आहेत; परंतु त्या किनाऱ्यावर फुटतात. या फुटत नाहीत. पाण्याचा एक डोंगर शांतपणे येतो, होडीला वर नेतो, खाली ठेवतो आणि निघून जातो. वर गेल्यावर बेट दिसे, खाली आल्यावर फक्त पाणी. चित्र काढायला मिळे तो अवधी डोंगराच्या माथ्यावरचा. मी गुडघ्यांवर उभा राहिलो. हेमीने मागून माझा पट्टा दोन्ही हातांनी धरला. उलटी करताना त्याने एक हात सोडला, दोन्ही नाही. हे मी नोंदवून ठेवतो.

धूर नव्हता.

घर दिसत होते. कड्याच्या टोकावर, करड्या रंगाची आगपेटी ठेवावी तसे. आयुष्यभर मी वास्तूने चित्राची चौकट भरली पाहिजे असे मानले. इथे ते अशक्य होते. वर आभाळ, खाली काळा कडा, त्याखाली फेस, आणि त्या सगळ्यात ते एवढेसे. ते इतके लहान पाहूनच कळले की त्याच्याकडे माणसे श्वास रोखून का पाहत असतील.

टामाने इंजिन मंद केले. आम्ही वर गेलो, खाली आलो. धूर नव्हता. मी टामाकडे पाहिले. त्याने सुकाणू एका हाताने धरले होते आणि दुसरा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. एक लाट तिरकी आली, पाणी अंगावरून गेले आणि काचेवर मीठ बसले. कोट, स्वेटर, सदरा, सगळे वर ओढून मी बनियनच्या कोरड्या टोकाने काच पुसली. पोटाला वारा लागला. हेमी ओरडून काही सांगत होता. ते मी ऐकले नाही.

पुन्हा वर गेलो. धुराड्यातून एक बारीक, करडी रेघ निघाली होती. ती वाऱ्याने आडवी झाली, तुटली. मग एकाएकी दाट, काळा धूर उसळला आणि सरळ वर चढला. लाकडे पेटेनात म्हणून हूइयाबाईंनी चुलीत टीटीची चरबी टाकली होती, हे नंतर कळले. मी बटण दाबले. खाली आलो, वर गेलो, दाबले. मला थांबवेना. मी हसत होतो, असे हेमी सांगतो. मला आठवत नाही.

टामाने इंजिन बंद केले. त्या पाण्यात इंजिन बंद करणे शहाणपणाचे नव्हते.

“उतरला म्हातारा,” तो म्हणाला. आईच्या बोलण्याची नक्कल असावी, कारण आवाज त्याचा नव्हता. मग त्याने इंजिन सुरू केले आणि परत येईपर्यंत एकही विनोद केला नाही.

बुधवार, २० मार्च, दुपार

हूइयाबाईंचे हात काजळीने काळे होते. ते कॅमेऱ्याला लागू नयेत म्हणून त्यांनी ते पाठीमागे धरले आणि वाकून पाहिले. फार वेळ पाहिले. पुढचे चित्र दाखवू का, असे मी विचारले. त्या नको म्हणाल्या, हेच.

“बाबा, झालं?”

“झाले,” मी म्हणालो.

त्यांनी किटली उचलली आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओतले.

घर खाली घेण्यापूर्वी टामाने प्रार्थना म्हटली. सगळे घराकडे तोंड करून उभे राहिलो. प्रार्थनेनंतर हूइयाबाई, टामा आणि हेमी एक गाणे गायले. बोलणाऱ्याच्या मागे गाणे उभे करायचे, नुसते बोलून सोडायचे नाही, अशी त्यांची रीत आहे. मग टामा माझ्याकडे वळला. आता तुमच्या बाजूने बोला, असे तो म्हणाला. सोयऱ्यांमधला वयाने मोठा पुरुष बोलतो. गौरीने मान खाली घातली. माझे भाषण तिने उभ्या जन्मात ऐकले नव्हते; तिच्या लग्नातही मी केले नव्हते.

आमच्या गावी घर पाडताना, बांधताना गाऱ्हाणे घालतात. जागेच्या राखणदाराला नारळ ठेवायचा आणि मोठ्याने विनंती करायची. नारळ नव्हता. मी एक बटाटा आणला. हूइयाबाईंनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. त्यांच्यात खाणे शेवटी, पवित्र काम उरकल्यावर. आमच्यात आधी. बटाटा बाजूला राहिला आणि मी रिकाम्या हातांनी उभा राहिलो. लहानपणी ऐकलेले शब्द होते. ते आले.

“बा देवा म्हाराजा! हय जो कोण राखणदार बसलो आसा, तेका आमचां ह्यां सांगणां. आज ह्यां घर खाली घेतंव. ज्यांनी तां बांधल्यान, तेंका विसरूक नाय. उद्या हय नवां घर उभां रवतलां, तेका वाऱ्याची, दर्याची नड येवक देव नको. हय येतली माणसां सुखरूप उतरांदेत आणि सुखरूप घराक जांवदेत, म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला उत्तर लागते. उत्तराशिवाय ते पुरे होत नाही. मग गौरी, पुण्यात वाढलेली, गावी चार सुट्ट्यांपलीकडे न राहिलेली, मोठ्याने म्हणाली, “व्हय म्हाराजा!”

टामाने तिला अर्थ विचारला. तिने सांगितला. त्याने मला सगळे पुन्हा म्हणायला लावले, आणि या खेपेला “व्हय म्हाराजा” चौघांच्या तोंडून आले, टामाचे सर्वांत मोठे. त्याला ते इतके पटले की नंतर दिवसभर तो प्रत्येक फळी निघाली की तेच म्हणत होता.

पहिला खिळा हूइयाबाईंनी काढला, दाराच्या चौकटीतला. तो सहजी निघत नव्हता. हेमी पुढे झाला. त्यांनी त्याला नुसत्या नजरेने मागे पाठवले. खिळा निघाला. त्यांनी तो खिशात टाकला आणि खिळे उपटायची पहार टामाच्या हातात दिली.

त्यानंतर घाई. पत्रे उतरले, भिंती उतरल्या. मी पत्रे धरले, फळ्या वाहिल्या, गौरीने ओरडून बसवले, मी पुन्हा उठलो. समोरची भिंत दोर बांधून आत ओढली. ती आत पडली, समुद्रात नाही, आणि टामा पत्र्यावर नाचला. चूल चौघांनी उचलून मागे नेली. सूर्य कलला तेव्हा तिथे खांबांची भोके, काळी माती आणि मोकळी सपाट जागा एवढेच उरले. रेडिओवर हेलिकॉप्टरवाल्याचा आवाज आला. सकाळी येतो, जागा तयार आहे का, असे त्याने विचारले. हूइयाबाईंनी रेडिओ हातात घेतला आणि सांगितले, “तयार आहे. स्वीट ॲज.” झकास म्हणायची तिकडची ती तऱ्हा.

आम्ही पडवीत बसलो. ती अजून उभी होती. मग बटाटे उकडले; माझा वेगळा काढून ठेवलेला बटाटा हूइयाबाईंनी खाल्ला. समुद्रावरून पक्षी येऊ लागले आणि उघड्या पडलेल्या जागेवर आदळू लागले. नव्या दाराची चौकट जुन्याच खिळ्यांनी ठोकायची, असे त्या म्हणाल्या. जुने खिळे एका डब्यात टाकले होते, बहुतेक वाकडे. उजेड होता तोवर मी एक सपाट दगड आणि हातोडी घेतली, आणि एकेक खिळा आडवा ठेवून, फिरवून, हलक्या हाताने ठोकून सरळ केला. ते सगळे पुन्हा डब्यात भरले, गंज चढू नये म्हणून वरून थोडे तेल ओतले आणि झाकण दाबून लावले.